कलून बसण्याबद्दल

एस्पान्योलात सप्टेंबरात हवेला भाजक्या मिरचीचा वास,
माझ्या गॅरेजला बारा महिने सोल्डरचा.
डेल्फिनो आला मामाची माँटे कार्लो घेऊन,
अठ्ठ्याहत्तरची, पिकल्या जर्दाळूच्या रंगाची,
बूड रस्त्याला घासेल इतकी खाली.
"युफेमिया, हिला बेस नाही," म्हणाला,
जसं कुणी सांगावं, गाय आटली.

नवा अँप घालून झाला होता. मग त्याहून मोठा.
उन्हाळाभराचा पगार डिकीत थरथरत होता
आणि छातीपाशी काहीच पोचत नव्हतं.
आडात नाही तर पोहऱ्यात कुठून, म्हणतात.
इथे आड काठोकाठ.
मला संशय पोहऱ्याचा.

दारांची पॅनलं उचकटली. दोन क्लिपा तुटल्या,
जुन्या गाडीच्या तुटतातच, त्याचे पैसे वेगळे.
आत काळ्या दोन तारा, एकमेकींना चिकटलेल्या जुळ्या.
बघून कळत नाही धन कोण, ऋण कोण.
पण एकीच्या अंगावर उभी बारीक कड असते,
डोळे मिटून अंगठ्याचं नख फिरवलं की लागते.

भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढला.
पाच वाजून दहा मिनिटं झाली होती, मग तेवढीच राहिली.
कडेची तार सेलच्या टोपीला, साधी बुडाला,
टेकवायचं आणि सोडायचं, निखाऱ्यासारखं.
उजव्या दाराचा पडदा टुक करून बाहेर आला.
डाव्या दाराचा टुक करून
आत गेला.

"बघ," म्हटलं, "हा हवा ढकलतो
आणि त्याच क्षणी तो तीच हवा ओढून घेतो.
दोघंही इमानानं राबतात.
मधे तू. तुझ्या वाट्याला शून्य.
मोठा अँप लावलास, मोठं शून्य झालं."

"मामानं स्वतः बसवले होते," तो म्हणाला,
"रात्री. टॉर्च तोंडात धरून."
आणि मला ओनेसिमोचा हात आठवला:
लाकडाच्या गिरणीत करवतीनं उजव्या अंगठ्याचं पेर नेलं होतं.
ज्या नखाला कड कळते
ते नखच नव्हतं.

मग आणखी एक आठवलं.
दर रविवारी रिव्हरसाइडवरून तो संथ जायचा,
डावं कोपर बाहेर, अंग दाराकडे टाकून,
डोकं जवळजवळ खिडकीत.
अर्ध्या गावाला वाटायचं, काय ही ऐट!
पोरांनी उचललं. आयांनी पाठीत धपाटे घातले.
डेल्फिनो तर चर्चमध्येसुद्धा तसाच बसतो.
तो ऐट करत नव्हता.
एका स्पीकरच्या जवळ सरकलं
की दुसऱ्याचं कापणं थोडं कमी पडतं,
कानाला चिमूटभर बेस लागतो.
अकरा वर्षं तो
त्या चिमटीकडे कलत राहिला.

हे मी पोराला सांगितलं नाही.
डाव्या दारातल्या दोन तारांची अदलाबदल केली,
वीतभराचं काम, दहा डॉलर.
गाणं लावलं.
सीटमधून काहीतरी वर आलं, आरसा हलला,
आणि गाणाऱ्या बाईचा आवाज,
जो इतका वेळ दोन दारांत फाटून पडला होता,
डॅशबोर्डच्या बरोब्बर मधे येऊन बसला.
डेल्फिनो त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिला.
पाठ ताठ. मी त्याला पहिल्यांदाच सरळ पाहिलं.

"मामाला ऐकवायला हवं होतं," म्हणाला.
मी पाना पुसत होते. पुसत राहिले.

मग गिअर पडला, गाडी फाटकाबाहेर,
पुलाच्या आधीचं वळण,
आणि मागच्या काचेतून दिसलं
त्याचा खांदा हळूच खाली गेला,
डोकं डावीकडे.